अकिलीसचा राग आणि यवनांचा धम्म

गेल्या वर्षावासात आपल्या विहारात धम्मपदातील कोधवग्गाचे वाचन झाले. वाचन संपले, सरणत्तय झाले, लोक उठायच्या बेतात होते. इतक्यात मागे भिंतीला टेकून बसलेला एक तरुण उभा राहिला. म्हणाला, "सर, राग आवरा, राग आवरा, हे ऐकतच मी मोठा झालो. पण ज्यानं कामावर चार लोकांत माझी जात काढली, तो मजेत आहे. चूक त्याची, आणि राग मी का आवरायचा?" सभागृह एकदम गप्प झाले. माझ्याच्याने त्या दिवशी धड उत्तर देववले नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना. इतिहास शिकवण्यात जन्म गेल्यामुळे असेल, मला आठवली ती पार ग्रीस देशातली एक जुनी गोष्ट. ग्रीक म्हणजे आपल्या पाली ग्रंथांतले योनक, शिलालेखांतले यवन. त्यांचा आणि आपल्या धम्माचा संबंध फार जवळचा आहे. तो ओघाने येईलच.

ग्रीकांचे सर्वांत जुने महाकाव्य म्हणजे होमरचे 'इलियड'. इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या आसपास ते आकाराला आले असे मानतात. चोवीस सर्ग आणि पंधरा हजारांहून अधिक ओळी. विषय ट्रॉय शहराच्या युद्धाचा, पण मूळ ग्रीक काव्याचा पहिलाच शब्द आहे 'राग'. युद्धाच्या दहाव्या वर्षातले थोडे दिवस निवडून कवीने एका माणसाच्या रागाची कथा सांगितली आहे. तो माणूस म्हणजे ग्रीकांचा सर्वश्रेष्ठ योद्धा अकिलीस.

सुरुवात अशी. ग्रीकांचा सेनापती राजा अ‍ॅगमेम्नॉन याने अपोलो देवाच्या पुजाऱ्याची मुलगी युद्धातली लूट म्हणून ठेवून घेतली होती. म्हातारा बाप मोबदला घेऊन आला, तर राजाने त्याला अपमान करून हाकलले. मग छावणीत साथ पसरली. नऊ दिवस माणसे मरत होती. दहाव्या दिवशी सभा बोलावली ती राजाने नव्हे, अकिलीसने. काल्कस नावाच्या भविष्यवेत्त्याला साथीचे कारण विचारले. पण काल्कस बोलायला घाबरत होता. आधी मला अभय द्या म्हणाला, कारण मी बोलेन त्याने एक बलाढ्य माणूस चिडेल, आणि राजा आज राग गिळून बसला तरी तो पोटात ठेवतो आणि पुढे कधीतरी वचपा काढतो. अकिलीसने अभय दिले. काल्कसने खरे सांगितले. राजाने मुलगी परत केली, पण भरपाई म्हणून अकिलीसच्या वाट्याला आलेली ब्रिसेइस ही स्त्री काढून घेतली. भर सभेत, सर्वांच्या देखत. (त्या दोन बायकांना काय वाटले असेल, हे तिथे कोणी विचारलेच नाही.)

म्हणजे बघा, अकिलीसचे चुकले काय होते? लोक मरत होते म्हणून तो बोलला, आणि खरे बोलायला लावल्याबद्दल त्याचा अपमान झाला. आपल्या तरुणासारखेच. त्याचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. तलवार अर्धी बाहेर आली, तोच अथीना देवी मागून आली आणि तिने त्याचे केस ओढले. ती फक्त त्यालाच दिसत होती. शब्दाने हवे तितके बोल, पण तलवार उपसू नकोस, असे तिने त्याला सांगितले. त्याने तलवार परत म्यानात घातली.

इथे आपण म्हणू की झाले, राग आवरला. पण खरा घोटाळा इथूनच सुरू होतो. आपल्या पाली साहित्यात दोन शब्द वेगळे वापरले आहेत. 'कोध' म्हणजे भडकलेला राग, आणि 'उपनाह' म्हणजे मनात जपून ठेवलेला राग, डूख. तथागतांनी माणसांचे तीन प्रकार सांगितले आहेत : एकाचा राग दगडावर कोरलेल्या रेघेसारखा, दुसऱ्याचा मातीवर ओढलेल्या रेघेसारखा, तिसऱ्याचा पाण्यावरच्या रेघेसारखा. अकिलीसने कोध आवरला आणि उपनाह कोरून ठेवला. आपल्या तंबूत जाऊन बसला. लढणार नाही म्हणाला. इथपर्यंतही एक वेळ ठीक. पण त्याने समुद्रकाठी रडत आपल्या आईकडे, थेटिस देवीकडे, मागणे काय मागितले? तर माझेच लोक युद्धात हरू देत, मरू देत, म्हणजे त्यांना माझी किंमत कळेल.

आणि तसेच झाले. ग्रीक मार खाऊ लागले. राजा नरमला. त्याने ओडिसियस, म्हातारा फिनिक्स आणि एजॅक्स यांना समजूत घालायला पाठवले. सोने, घोडे, सात शहरे, ब्रिसेइसला सन्मानाने परत पाठवण्याची शपथ, सगळे देऊ केले. फिनिक्सने तर त्याला लहानपणी मांडीवर खेळवले होते. तो रडला. पण अकिलीस हलला नाही. हा प्रसंग मी अनेकदा वाचला आहे, आणि दर वेळी वाटते की हा इथे उठला असता तर पुढचे काहीच घडले नसते. शेवटी त्याचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस, लोकांचे हाल पाहवेनात म्हणून, अकिलीसचे चिलखत घालून लढायला गेला आणि ट्रॉयच्या हेक्टरच्या हातून मारला गेला. अपमान केला राजाने. राजा शेवटपर्यंत जिवंत आहे. मेला तो मित्र.

आपल्या घरांत वेगळे काय होते? साहेबाने बोललेले साहेबाला परत करता येत नाही. ते दिवसभर पोटात राहते, आणि रात्री ताटावर बसल्यावर बाहेर पडते. भोगतात बायको आणि पोरं. वस्तीत राहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

मित्र गेल्यावर अकिलीस आईजवळ जे बोलतो, ते वाचून मी चकित झालो होतो. राग हा थेंब थेंब गळणाऱ्या मधापेक्षाही गोड लागतो आणि माणसाच्या छातीत धुरासारखा पसरतो, अशा अर्थाचे त्याचे बोलणे आहे. आता संयुत्तनिकाय उघडा. कशाचा वध केला असता सुखाने झोप लागते, या प्रश्नाला भगवंतांनी क्रोधाचा असे उत्तर दिले आहे, आणि त्या क्रोधाचे मूळ विषारी व टोक मधासारखे गोड असल्याचे सांगितले आहे. एक ग्रीसमधला कवी, एक मगधात चारिका करणारे शास्ता. एकमेकांची गाठ नाही, भाषा नाही. पण दोघांनाही रागाचा गोडवा ठाऊक होता. राग वाईट आहे एवढे तर कोणीही सांगतो. पण तो गोड लागतो म्हणून सुटत नाही, हे कळायला माणूस फार जवळून पाहावा लागतो. फरक इतकाच की अकिलीसला हे मित्र गमावल्यावर कळले, आणि कळूनही त्याचा राग गेला नाही. तो नुसता राजावरून हेक्टरवर सरकला. हेक्टरला मारून त्याने प्रेत रथामागे बांधून फरफटत नेले, दिवसेंदिवस तेच करीत राहिला. तरी झोप लागेना.

शेवटच्या सर्गात हेक्टरचा म्हातारा बाप, राजा प्रायम, रात्री एकटाच शत्रूच्या तंबूत येतो. ज्या हातांनी मुलगा मारला त्याच हातांचे चुंबन घेतो आणि म्हणतो, तुझ्या बापाची आठवण कर, तोही माझ्याच वयाचा असेल. अकिलीसला आपला बाप आठवतो. दोघेही रडतात. करुणा म्हणतात ती हीच.

पण मला त्याहून मोलाचे वाटते ते पुढचे. प्रायम घाई करतो, मुलाचे प्रेत लगेच द्या म्हणतो, तेव्हा अकिलीसच्या कपाळाची शीर पुन्हा ताठते. तो बजावतो, मला चिडवू नका. मग बाहेर जाऊन दासींना सांगतो की प्रेत आडोशाला नेऊन धुवा. का? तर त्या अवस्थेतला मुलगा पाहून बाप संतापेल, त्याच्या संतापाने माझाही भडका उडेल आणि मी त्याला मारून बसेन. माणूस रागातून सुटलेला नाही. पण आपला राग कुठे, कशाने पेटतो हे त्याने ओळखले आणि ठिणगी पडायच्या आधीच व्यवस्था केली. विपस्सनेला बसणाऱ्या आपल्या उपासकांना यात ओळखीचे काही दिसेल. मग त्याने म्हाताऱ्याला जेवू घातले आणि अंत्यविधीसाठी युद्ध थांबवायचे वचन दिले.

ओडिसियसचे नाव वर आले. वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात तो आपल्याच घरी परततो, डोळ्यांदेखत अपमान सोसतो आणि स्वतःच्या छातीवर हात मारून मनाला धीर धरायला सांगतो. संयमाचा नमुना म्हणून त्याचे फार कौतुक होते. मला ते पटत नाही. वेळ येताच त्याने घरात घुसलेल्या सगळ्यांची कत्तल केली आणि बारा दासींना फासावर दिले. संधीची वाट पाहणे म्हणजे खंती पारमिता नव्हे.

हे झाले काव्य. पण काव्यातले वीर खऱ्या राजांचे आदर्श होतात. मॅसिडोनियाचा अलेक्झांडर, आपण ज्याला सिकंदर म्हणतो, स्वतःला आईकडून अकिलीसचा वंशज मानायचा. इलियडची प्रत तो उशाशी ठेवी असे प्लूटार्क लिहितो. इ.स.पू. ३३४ मध्ये ग्रॅनिकस नदीवरच्या लढाईत क्लायटस नावाच्या सरदाराने त्याचा जीव वाचवला. इ.स.पू. ३२८ मध्ये समरकंदला मेजवानीत, दारूच्या भरात, तोच क्लायटस बोलला की हे विजय एकट्या तुझे नाहीत, तुझ्या बापाचे आणि सैनिकांचे आहेत. सिकंदराने भाल्याने त्याला तिथेच ठार केले. मग तीन दिवस तंबूत रडत पडला. काय उपयोग?

याच सिकंदराने आजच्या अफगाणिस्तानात कंदाहार इथे एक शहर वसवले. तिथे ग्रीक लोक स्थायिक झाले. साधारण सत्तर वर्षांनी ते शहर कोणाच्या राज्यात होते? सम्राट अशोकाच्या! १९५८ मध्ये कंदाहारला अशोकाचा एक शिलालेख सापडला, तो ग्रीक आणि अरमाईक अशा दोन भाषांत आहे. त्यात आईवडिलांचे आणि वडीलधाऱ्यांचे ऐकण्याची गोष्ट आहे, आणि ज्यांचा स्वतःवर ताबा नव्हता त्यांनी आपापल्या शक्तीप्रमाणे तो बेतालपणा सोडला, असेही नमूद आहे. अकिलीसच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या लोकांना, त्यांच्याच भाषेत. आणि सांगणारा कोण? कलिंगात स्वतः रक्त सांडून पस्तावलेला राजा. आपल्या स्तंभलेखात त्याने क्रूरपणा, निष्ठुरता, मान आणि मत्सर यांच्या बरोबरीने क्रोधाचेही नाव घेऊन त्यापासून सावध राहायला सांगितले आहे.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. राग आवरायचा म्हणजे अन्याय सोसायचा का? अकिलीसपुढे दोनच वाटा होत्या, तलवार नाहीतर तंबू. आपल्याला तिसरी वाट माहीत आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर आपल्या लोकांवर हल्ला झाला, डोकी फुटली. परिषदेला आलेल्यांत पलटणीत राहिलेले, लढाई पाहिलेले लोक होते. बाबासाहेबांचा एक शब्द पुरे होता. त्यांनी तो शब्द दिला नाही, लोकांना आवरले. पण घरीही बसले नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा महाड गाठले, आणि कोर्टातली लढाई तब्बल दहा वर्षे चालवून १९३७ च्या मार्च महिन्यात मुंबई हायकोर्टात जिंकली. राग धरला असता तर दहा वर्षे पुरला नसता. हक्क धरला होता म्हणून पुरला.

यवनांची कथा थोडी उरली आहे. अशोकानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी सागल, म्हणजे आजच्या सियालकोटच्या बाजूला, मिनँडर नावाचा ग्रीक राजा झाला. हाच आपला मिलिंद. बाबासाहेबांच्या संस्थेने १९५० मध्ये औरंगाबादला काढलेले कॉलेज याच्याच नावाने मिलिंद महाविद्यालय झाले आणि तो परिसर नागसेनवन. 'मिलिंदपञ्ह' ग्रंथात राजा भिक्खू नागसेनाला वादाला बोलावतो. नागसेन आधी एक अट घालतात. पंडितासारखा वाद करणार असाल तर बसतो, राजासारखा करणार असाल तर नाही. पंडित वादात हरले, चूक दाखवली गेली, तरी रागावत नाहीत. राजाला विरोध झाला की तो शिक्षा फर्मावतो.

इथे मला तो घाबरलेला काल्कस आठवतो. त्यालाही राजाच्या रागाचीच भीती होती. त्याला दुसऱ्या योद्ध्याच्या तलवारीचे अभय मागावे लागले. इथे यवन राजा स्वतःच म्हणतो की मी पंडितासारखाच बोलेन, भदंतांनी निर्धास्त बोलावे, जसे सामणेराशी, उपासकाशी, आरामातल्या सेवकाशी बोलतात तसे. मिलिंदाच्या पुष्कळ नाण्यांवर अथीना आहे, अकिलीसचे केस ओढणारी तीच. त्याच्या एका तांब्याच्या नाण्यावर आठ आऱ्यांचे चक्र आहे. काही अभ्यासक ते धम्मचक्र मानतात, काही मानत नाहीत.

पुढे हे यवन आपल्या महाराष्ट्रातही दिसतात. कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दान दिले आहेत, तसे खांबांवर कोरलेले आहे. जुन्नरलाही त्यांचे दानलेख आहेत. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतले सतरा क्रमांकाचे लेणे उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाने, धम्मरक्खित या मुलासह, आपल्या आईवडिलांसाठी कोरवून संघाला दिले. आपण लेणी पाहायला जातो तेव्हा मूर्तीपुढे वंदना करून, फोटो काढून परत फिरतो. हे लेख मात्र वाचायचे राहून जातात. विहाराच्या येत्या सहलीत त्रिरश्मीला जायचे ठरले आहे. त्या तरुणानेही नाव दिले आहे.