शिकार गेली, चपळाई उरली

विटांच्या दोन थप्प्यांवर आडवी काठी टेकवायची, शेजारी जुना टायर टांगायचा आणि अंगणातल्या कुत्र्याला त्यातून उड्या मारायला शिकवायचं, हा शहरी आणि त्यातही परदेशी चोचला आहे, असं जालन्याकडच्या खेड्यात कुणीही सहज म्हणेल. खेळाचं आजचं रूप परदेशी आहेच. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात दोन कार्यक्रमांमधला मोकळा वेळ भरून काढायचा होता. जॉन वार्ली यांनी घोड्यांच्या उडीशर्यतीवरून कल्पना उचलली, पीटर मीनवेल यांनी अडथळे उभे करून ती प्रत्यक्षात आणली. पण मांडणी लंडनची म्हणून चपळाईही तिथलीच ठरत नाही. बांध, काटेरी कुंपण, ओढा ओलांडणं मराठवाड्यातल्या कुत्र्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून येत होतं. त्यांची शाळा तेवढी वेगळी होती.

त्या शाळेत माणूस फारसा शिकवत नसे. धनगराचं कुत्रं कळपाभोवती रात्र जागून लांडग्याला अडवायचं, आणि हे ते मोठ्या कुत्र्यांच्या संगतीत शिकायचं. लातूरपासून पार मुधोळपर्यंत पसरलेलं कारवानी कुत्रं तर डोळ्यांनी सावज हेरणारं. लांब पाय, खोल छाती, चिंचोळी कंबर, सगळं मोकळ्या माळावर ससा गाठण्यासाठी. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीला आश्रय दिला, म्हणून तिकडे ती मुधोळ हाऊंड झाली. इकडे कारवानीच राहिली. ससा पळता पळता झटकन वळतो. त्याच्यामागे कुत्र्यालाही वेग न मोडता वळावं लागतं. टायर नि खांबांमधून नागमोडी धावताना कस लागतो तो नेमका याचाच.

मग शिकारीची ही शाळा बंद झाली. सप्टेंबर १९७२ मध्ये, मराठवाडा दुष्काळात होरपळत असताना, वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि सशामागे कुत्री सोडणं गुन्हा ठरलं. कायदा योग्यच होता. पण कुत्र्याच्या अंगातला वेग कायद्याने जात नाही, तो बिनकामाचा होतो. बैलांचं नशीब निराळं: शंकरपटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतींवर, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, तरी त्यामागे पैसा होता, शेतकऱ्यांची संख्या होती, पुढारी होते, आणि २०२३ मध्ये तो न्यायालयातून तरला. सशाच्या शिकारीची बाजू मांडायला कुणी उभं राहिलं नाही, राहायलाही नको होतं. मात्र त्या वेगाला पर्यायी काम द्यायला हवं होतं, आणि अंगणातला अडथळ्यांचा खेळ ते काम देतो.

यावर जाणकारांचा आक्षेप वजनदार आहे. कारवानी कुत्रं हुकमाचं नसतं. सावज दिसलं की मालकाची हाक त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. अडथळ्यांचा खेळ तर पुढची उडी कुठली ते माणसाकडे बघून ठरवणाऱ्या कुत्र्याचा, म्हणजे बॉर्डर कोलीसारख्या मेंढपाळी कुत्र्याचा. हे खरं आहे, आणि स्पर्धा जिंकायची असेल तर निर्णायकही. पण अंगणात घड्याळ लावून कोण बसलंय? तिथे हुकमापेक्षा आमिष चालतं: ओढत नेलेलं फडकं, भाकरीचा तुकडा, पाच मिनिटांचा डाव आणि कुत्र्याचं लक्ष उडण्याआधी थांबणं. माणसाकडे बघायची सवय त्यातूनच लागते. जुन्या शाळेत न मिळालेली गोष्ट असेल तर ती हीच. दुसरा आक्षेप इजेचा. तो नाकारता येत नाही, टाळता मात्र येतो. हाडं पक्की होईपर्यंत, साधारण पहिलं वर्ष-सव्वा वर्ष, काठी जमिनीलगतच ठेवावी, आणि जालन्याच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीपार जातो तेव्हा, उजाडतानाच खेळून घ्यावं. शिकारीच्या दिवसांत पाय मोडलेल्या कुत्र्याची एवढी काळजी क्वचितच कुणी घेत असेल.