नाव तेच, आवाज वेगळे

ब्लॅकवुड ब्रदर्स या सदर्न गॉस्पेल क्वार्टेटच्या रेकॉर्ड्स ओळीने ऐकल्या, तर नाव तेच राहतं आणि गाणारे बदलत जातात. १९३४ मध्ये मिसिसिपीत तीन भाऊ आणि थोरल्याचा मुलगा एकत्र गायला लागले. १९४० मध्ये ते आयोवातल्या शेनँडोआ गावी केएमए रेडिओवर आले. मोठ्या कंपनीची वाट न बघता त्यांनी त्याच दशकात स्वतःचं लेबल काढलं. हिशेब सोपा होता: रेडिओवर गायचं आणि ऐकणाऱ्यांना रेकॉर्ड विकायची. १९५० मध्ये मुक्काम मेम्फिसला हलला, पुढे आरसीए व्हिक्टरशी करार झाला.

मग ३० जून १९५४ उजाडला. अलाबामातल्या क्लँटनला त्यांचं विमान कोसळलं. बॅरिटोन आर. डब्ल्यू. ब्लॅकवुड आणि खर्ज सांभाळणारे बिल लाइल्स, दोघंही गेले. क्वार्टेट तिथेच थांबलं असतं, तर कुणी नावं ठेवली नसती. पण आर. डब्ल्यू. यांच्या जागी धाकटा भाऊ सेसिल आला, खर्जाला जे. डी. समनर आले आणि रेकॉर्डिंग पुन्हा सुरू झालं.

क्वार्टेटमध्ये प्रत्येक आवाजाची जागा ठरलेली असते, म्हणून माणूस गेला तरी ती भरता येते. रेकॉर्ड मात्र गेलेल्या माणसाचा आवाजही जपते. १९५४ च्या आधीचं एक आणि नंतरचं एक गाणं लागोपाठ लावा, आणि फक्त खालचा आवाज ऐका. फरक तिथेच कळेल.