काळ्या दगडातली गोगलगाय

दुष्काळात आमची केजची विहीर खोल करायला सुरुंग लावले. सहा परसांवर काळा दगड संपला, हातभर तांबडी माती लागली आणि तिच्याखाली पुन्हा काळा दगड. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. "दगडाखाली माती कुठून आली?" असं आबांना विचारलं. आबा म्हणाले, "तू पाणी लागतंय का ते बघ."

पाणी लागलं नाही. प्रश्न मात्र राहिला. उत्तराचा धागा मला पुढे १८५१ सालच्या नागपुरात सापडला.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. आला होता धर्म शिकवायला, पण नजर दगडांवर. १८५१ मध्ये तो आणि सहकारी रॉबर्ट हंटर यांना शहराजवळच्या टाकळीत दगडात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख दिसले. पुढे माशांचे अवशेष, फळं, बिया, भुंगेऱ्यांचे पंखही निघाले.

लाव्ह्याच्या दगडांमध्ये गोगलगाय जगणार कशी? जगली ती मधल्या काळात. एक लाव्हा थंड झाला, त्यावर तळं साचलं, झाडं वाढली. मग पुढचा लाव्हा आला आणि सगळं झाकून गेला. आमच्या विहिरीतला तांबडा पट्टाही बहुधा अशाच एका उसंतीत झिजून झालेली माती.

दोघांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. मांगलीहून हिस्लॉपने पाठवलेल्या उभयचराच्या कवटीचं वर्णन रिचर्ड ओवेनने केलं. 'डायनासोर' हा शब्द देणारा तोच. टाकळीच्या थरांचं वय मात्र हिस्लॉपने कमी धरलं. आज ते सुमारे साडेसहा कोटी वर्षं मानतात, म्हणजे डायनासोर संपले त्याच सुमाराचं.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून बोरीकडे परतताना, रात्री पुराच्या ओढ्यात हिस्लॉप बुडाला. वय अवघं ४५.

पुढे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना आमच्या मांजरा खोऱ्यातही हत्ती आणि पाणघोड्यांचे जीवाश्म सापडले. ते नदीच्या गाळातले, खूप अलीकडचे. पण तेही कुणीतरी वाकून पाहिलं म्हणून सापडले.

आमच्या विहिरीची तांबडी माती आम्ही ट्रॅक्टरने नेऊन शेताच्या रस्त्यावर पसरली. तिच्यात काही होतं का, हे आता कळणार नाही. गेल्या दिवाळीत शेजारच्या रानात बोअर घेत होते. गाडीतून लाल चिखल बाहेर पडायला लागला, तसा मी लॅपटॉप मिटला आणि एक ओंजळ उचलून आणली.

आबांनी विचारलं, "पाणी आहे का त्यात?"