शौचकूपाखालची टाकी

घर बांधावयास घेतले म्हणजे देवघराच्या दिशेविषयी आणि माजघराच्या लांबीरुंदीविषयी जो ऊहापोह चालतो, त्याचा शतांशही परसातील सेप्टिक टाकीच्या वाट्याला येत नाही. वस्तुतः मनुष्याचा मैला मनुष्याच्याच डोक्यावरून वाहून नेण्याची जी अमानुष प्रथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिला शह देण्याचे सामर्थ्य या जमिनीखालच्या बांधकामात होते.

फ्रान्समधील वेझूल गावी झां-लुई मुरास या गृहस्थांनी १८६० च्या सुमारास एका घराचा मैला व मोरीचे पाणी बंदिस्त टाकीत सोडले, आणि सुमारे बारा वर्षांनी ती उघडली असता, गाळाने तुडुंब भरलेली असावयाची ती टाकी बहुतांशी द्रवानेच भरलेली आढळली. १८८१ साली मुरास यांनी तिचे पेटंट घेतले. पुढे १८९५ मध्ये इंग्लंडातील एक्झेटर येथे डोनाल्ड कॅमेरॉन यांनी नगराच्या सांडपाण्यासाठी तशीच योजना उभारली. घन भाग तळाशी बसतो, स्निग्ध पदार्थांची साय वर धरते, हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू गाळाचे विघटन करतात, आणि मधले पाणी शोषखड्ड्यावाटे जमिनीत मुरते, असा हा साधा परंतु निसर्गानुकूल क्रम आहे.

मुंबईत त्या काळी मुनसिपालटी हलालखोर कर वसूल करून टोपलीच्या संडासांची सफाई करवीत असे. आणि त्याच शहरात, ज्यांना समाजाने वेशीबाहेर घातले होते त्या महारोग्यांच्या माटुंग्याच्या वसाहतीत, १८९७ साली मैल्याच्या टाक्यांतील वायू साठवून त्यावर एंजिन चालविण्याची तजवीज झाली. परंतु यंत्राने जे साधते ते रूढीच्या अंमलाखाली आपोआप साधत नाही, आणि म्हणूनच १९३२ साली गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांना रत्नागिरीच्या तुरुंगात, सवर्ण म्हणून नाकारलेले भंगीकाम आपणांस मिळावे एवढ्यासाठी उपोषण करावे लागले.

टाकीने रोजची टोपली चुकविली, तरी तळाचा गाळ दोनतीन वर्षांनी उपसावाच लागतो. त्या उपशासाठी आत उतरविलेली माणसे विषारी वायूने गुदमरून मृत्युमुखी पडत आली आहेत. १९९३ च्या कायद्याने हाताने मैला उचलण्यास बंदी केली, आणि २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून टाकीत माणूस उतरविणे गुन्हा ठरविले. तथापि कायद्याची अंमलबजावणी अखेर घरमालकाच्या दारातच व्हावयाची असते. म्हणून आज जो कोणी नवी टाकी खोदवील त्याने शोषखड्डा विहिरीपासून दूर ठेवावा, वायू जाण्यासाठी उंच नळ बसवावा, आणि उपशाच्या गाडीचा पाइप रस्त्यावरून पोहोचेल अशाच जागी टाकीचे झाकण ठेवावे; एवढी तरतूद आधी केली, म्हणजे पुढे ‘आत कोण उतरणार’ हा प्रश्न कोणाही गरिबापुढे टाकण्याची वेळ येणार नाही.