बाबांनी मुलांना काय ठेवले?

मंडळी, परवा नातवाने विचारले, "आबाजी, बाबा आमटे मालगुजाराचे ना? मग त्यांनी पोरांसाठी काय ठेवलं?" आम्ही वरोऱ्याचे, त्यामुळे हा प्रश्न कधीतरी घरात यायचाच.

घरची जमीन होती, वकिली चालत होती. तरी वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना बाबांनी स्वतः मैल्याच्या टोपल्या वाहिल्या. (आजच्या एखाद्या नगरसेवकाला सांगून पाहा!) मग पावसात पडलेला कुष्ठरोगी तुळशीराम दिसला. बाबा आधी घाबरून पळाले, पण त्या भीतीची लाज वाटून परत आले. १९५१ साली आनंदवनाला सुरुवात झाली तेव्हा जवळ सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये. सोबत साधनाताई आणि विकास, प्रकाश ही दोन लहान मुले.

बापाने लेकरांना अशा ठिकाणी न्यावे का? मी स्वतः बाप झालो तेव्हापासून मला हे कठीणच वाटत आले आहे. पण मुलांनी काय केले ते पाहा. विकासभाऊंनी डॉक्टर होऊन आनंदवन सांभाळले. प्रकाशभाऊ शस्त्रक्रियेचे शिक्षण सोडून १९७३ साली मंदाताईंसह हेमलकशाच्या जंगलात गेले. तिथे ना वीज, ना धड रस्ता. पुढे नातू दिगंतही डॉक्टर होऊन तिथेच राहिला.

९ फेब्रुवारी २००८ ला बाबा गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन न करता देह आनंदवनाच्या मातीत पुरला.

हे सगळे ऐकून नातू म्हणाला, "आणि तुम्ही आमच्यासाठी काय ठेवलंय, आबाजी?"

मी चहा मागवला.