बास्केटबॉल छायाचित्रण (बंदिस्त क्रीडागृहातील)
बंदिस्त क्रीडागृहातील बास्केटबॉल सामन्यांचे मैदानाच्या कडेवरून केलेले छायाचित्रण. मैदान २८ × १५ मीटर असून बास्केटचे कडे ३.०५ मीटर उंचीवर असते. छायाचित्रकार सहसा बेसलाइनमागे, बास्केटच्या एका बाजूस खाली बसतो; त्यामुळे चढाई करणाऱ्या खेळाडूचा चेहरा, चेंडू व उडी एकत्र टिपता येते. हालचाल स्पष्ट येण्यासाठी शटरचा वेग सुमारे १/५०० ते १/१००० सेकंद ठेवतात. उजेड अपुरा असल्याने एफ/२.८ अ‍ॅपर्चर व १६०० ते ६४०० आयएसओ वापरतात. ५० हर्ट्‌झ विजेवरील काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकत असल्याने लागोपाठच्या छायाचित्रांत उजेड व रंग बदलू शकतो.