चूक कळायला लागणारा वेळ

महाविद्यालयांत प्रोग्रॅमिंग शिकवण्याचा इतिहास सांगताना बहुधा भाषांची यादी दिली जाते. आधी फोरट्रान, मग बेसिक, पास्कल, सी, जावा आणि आता पायथन. ही यादी खरी आहे, पण तिच्यातून शिकवण्यात काय बदलले ते कळत नाही. माझे म्हणणे असे की, भाषेपेक्षा एक साधी गोष्ट अधिक निर्णायक ठरली. ती म्हणजे, विद्यार्थ्याने केलेली चूक त्याला किती वेळाने कळते.

१९५० च्या दशकातली पद्धत पाहा. विद्यार्थी कागदावर प्रोग्रॅम लिही, एकेका ओळीचे एकेक कार्ड पंच करी आणि गठ्ठा खिडकीवर देई. यंत्र सगळ्यांचे गठ्ठे एकामागून एक चालवी. छापील निकाल काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी हाती येई. एखादा स्वल्पविराम राहिला असेल तर पुन्हा कार्ड, पुन्हा रांग. यंत्राचा एकेक मिनिट महाग होता, त्यामुळे माणसाने थांबायचे हे सर्वांनी गृहीत धरले होते.

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरमधल्या डार्टमथ महाविद्यालयाकडे १९५९ पर्यंत स्वतःचा संगणकच नव्हता. तेथील गणिताचे प्राध्यापक थॉमस कर्ट्झ कार्डांचा गठ्ठा घेऊन आगगाडीने एमआयटीला जात. त्यांचे सहकारी जॉन केमेनी मूळचे बुडापेस्टचे. युद्धकाळात त्यांनी लॉस अ‍ॅलामॉसला काम केले होते आणि पुढे ते आइन्स्टाइन यांचे गणित-साहाय्यक होते. डार्टमथचे बहुसंख्य विद्यार्थी विज्ञान शाखेचे नव्हते. उद्या हीच मुले कंपन्यांत आणि सरकारात निर्णय घेणार, तेव्हा संगणक त्यांनाही यायला हवा, अशी या दोघांची भूमिका होती. ग्रंथालयात कपाटापाशी जाऊन कोणीही पुस्तक काढावे, तसा संगणक सर्वांना खुला असावा, असे त्यांना वाटे.

इतिहास, साहित्य शिकणारा मुलगा एका स्वल्पविरामासाठी दिवसभर थांबणार नाही, हे उघड होते. म्हणून त्यांनी टाइम-शेअरिंगचा मार्ग घेतला. एकाच यंत्राचा वेळ अनेक टेलिटाइपांमध्ये इतक्या लहान तुकड्यांत वाटायचा की, प्रत्येकाला यंत्र आपल्यापुढेच आहे असे वाटावे. जनरल इलेक्ट्रिकच्या यंत्रांवरची ही व्यवस्था लिहिण्याचे बरेचसे काम पदवीच्या विद्यार्थ्यांनी केले. १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास बेसिकमधले पहिले प्रोग्रॅम चालले.

बेसिक ही भाषा या व्यवस्थेला जोडूनच घडली. फोरट्रानमध्ये पूर्णांक आणि दशांश संख्या वेगळ्या मानाव्या लागत, नवशिक्याला तो भेद येथे शिकावा लागत नसे. प्रत्येक ओळीला क्रमांक असे. चुकलेली ओळ त्याच क्रमांकाने पुन्हा टंकली की जुनी जाई. यंत्राशी बोलायला ‘हॅलो’, ‘रन’, ‘लिस्ट’ असे रोजचे शब्द होते. प्रोग्रॅमिंगचा स्वतंत्र अभ्यासक्रमही त्यांनी सुरुवातीला ठेवला नाही. पहिल्या वर्षाच्या गणितातच मोजकी व्याख्याने होत. उरलेले शिक्षण टेलिटाइपसमोर, स्वतःच्या चुका वाचत होई. काही वर्षांतच तेथील बहुसंख्य विद्यार्थी प्रोग्रॅम लिहू लागले.

आपल्याकडची वाट निराळी होती. कानपूरच्या आयआयटीत ऑगस्ट १९६३ मध्ये आयबीएम १६२० आले. बेरीज करण्याचे स्वतंत्र मंडल या यंत्रात नव्हते. ते स्मृतीत ठेवलेल्या कोष्टकातून उत्तर शोधी. त्यावर अभियांत्रिकीचे विद्यार्थी फोरट्रान शिकले, आणि बाहेरच्या शास्त्रज्ञांसाठी अल्पमुदतीचे वर्गही झाले. तेथे शिकवणाऱ्या व्ही. राजारामन यांचे प्रोग्रॅमिंगवरचे पाठ्यपुस्तक १९६९ मध्ये आले आणि देशभर वापरले गेले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० बसले. यंत्रे मूठभर आणि गरजू पुष्कळ, त्यामुळे येथे कार्डांची रांग दीर्घकाळ राहिली. चूक तत्काळ दाखवणारे यंत्र आपल्या शाळांच्या वाट्याला मोठ्या प्रमाणावर आले ते १९८४ च्या ‘क्लास’ प्रकल्पातून, बीबीसी मायक्रोच्या रूपाने. त्यावरची भाषाही बेसिकच होती.

रांगेने नुकसानच केले असे मात्र मी म्हणणार नाही. ज्याला दिवसातून एकदाच यंत्र मिळणार, तो गठ्ठा देण्यापूर्वी प्रत्येक ओळ कागदावर चालवून पाही. बेसिकवर टीका करणाऱ्यांत एड्सखर डाइक्स्ट्रा सर्वांत कडवे होते. या भाषेने विद्यार्थ्याच्या विचारपद्धतीचे नुकसान होते, असे त्यांनी १९७५ मध्ये लिहिले. त्यांचा रोख भाषेवर होता. मला त्यामागे लगेच मिळणाऱ्या उत्तराचाही प्रश्न दिसतो. उत्तर क्षणात मिळत असेल, तर विचार न करता काहीतरी बदलून ‘चालतंय का’ ते पाहण्याची सवय लागते.

तरीही केमेनी आणि कर्ट्झ यांची बाजू मला वजनदार वाटते. रांगेची शिस्त ज्यांना आधीच संधी मिळाली होती त्यांच्याच उपयोगी पडली. बाकीचे खिडकीपर्यंत पोहोचलेच नाहीत. डार्टमथने दार उघडले आणि तरीही चूक विद्यार्थ्याचीच राहू दिली. यंत्र चूक दाखवी, दुरुस्ती त्याने स्वतः करायची.

आज हा वेळ शून्याच्याही खाली गेला आहे. विद्यार्थ्याने चूक वाचण्यापूर्वीच दुरुस्त प्रोग्रॅम त्याच्यापुढे येतो. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम ठरवताना आपल्या विद्यापीठांत अजून ‘कोणती भाषा’ यावरच चर्चा होते. साठ वर्षांचा हा इतिहास पाहिल्यावर मला वाटते, आधी ठरवायला हवे ते वेगळेच आहे: चूक आणि दुरुस्ती यांच्यामध्ये विद्यार्थ्याला किती वेळ एकटे सोडायचे.